अमोनियाचा रकाना



आमच्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलणं झालं, संगीतावर झालं, राज्यघटनेवर झालं. यंदा समितीने मैलापाण्यावर बोलायला एका निवृत्त अभियंत्याला बोलावलं आहे. चहा-बटाटेवड्यांचा कार्यक्रम व्याख्यानाच्या आधीच उरकून घेतला, यात संयोजकांची दूरदृष्टी दिसते.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. कुठलाही पदार्थ फळ्यावर लिहिला की तो आला कुठून आणि जाणार कुठे, हे विद्यार्थ्याने आधी सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. समीकरण त्यानंतर. आज मी नायट्रोजनाबद्दल बोलणार आहे आणि क्रमही सरांचाच ठेवणार आहे. शहराच्या मैलापाण्यात हा नायट्रोजन येतो कुठून? तिथे राहिला तर करतो काय? त्याला बाहेर कोण काढतं? आणि शेवटचा, जरा अवघड प्रश्न : हे सगळं शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक असताना आपल्याकडे तो पाण्यात का राहतो?

तर, येतो कुठून?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. या सभागृहातही आहे. आपण तो श्वासाबरोबर आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो, कारण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याचं सामर्थ्य ना आपल्यात आहे, ना गव्हाच्या रोपात. काही जिवाणूंना ते जमतं. डाळींच्या मुळांवरच्या गाठींत ते राहतात. माणसाला ते जमलं १९०९ साली, फ्रिट्झ हाबर याच्या प्रयोगशाळेत. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाउ इथे कारखाना सुरू झाला. चार-पाचशे अंश तापमान, दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. एवढा खटाटोप केल्यावर हवेतला नायट्रोजन अमोनिया होऊन हाती येतो. आपल्याकडे तुर्भ्याला आणि अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत हेच चालतं. त्या अमोनियाचा युरिया होतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याच्या बांधावर जातं, तिथून गव्हात, भातात, कडब्यातून दुधात आणि शेवटी तुमच्या-माझ्या ताटात.

आता ताटातला हिशेब करू. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसाच्या पोटात साधारण १० ग्रॅम नायट्रोजन जातो. वाढीचं वय सरलेल्या माणसाच्या अंगात तो साठत नाही. जेवढा आत गेला तेवढा बाहेर येतो. बराचसा लघवीतून, आणि तोही युरियाच्याच रूपात. पोत्यातला युरिया आणि शरीरातला युरिया एकच. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर याने प्रयोगशाळेत युरिया तयार करून दाखवला तेव्हापासून याबद्दल शंका उरलेली नाही.

दहा लाख वस्तीच्या शहरातून म्हणजे रोज दहा टन नायट्रोजन गटारात उतरतो. युरियाच्या भाषेत सांगायचं तर ४५ किलोची जवळपास ४८० पोती. रोज. रविवार धरून, दिवाळी धरून. कुठल्याही महापालिकेने रोज ४८० पोती युरिया नदीत ओतायचा ठराव केला, तर केवढा गदारोळ होईल! इथे ठरावाची गरजच पडत नाही.

गटारात युरिया फार वेळ टिकत नाही. जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करून टाकतं. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तो हाच. शुद्धीकरण केंद्राच्या दारात मैलापाणी पोचतं तेव्हा त्यात लिटरला साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो आणि त्यातला बराचसा अमोनियाच्या रूपात.

पुढे जाऊ. राहिला पाण्यात, तर काय बिघडलं?

पहिली गोष्ट, अमोनिया मासे मारतो. पाणी जितकं अल्कधर्मी आणि कोमट, तितका जास्त. आपल्या उन्हाळ्यातल्या नद्या दोन्ही असतात. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून यावर थांबत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर सगळा घोटाळा तिथेच आहे. आपण शुद्ध केलेल्या पाण्याची पत बीओडी या आकड्याने ठरवतो. पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचा तो आकडा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. पण अमोनियाला खाणारे जिवाणू मंद. बाटलीत ते थोडे असतील तर तीन दिवसांत ते धड जागेही होत नाहीत. मग बीओडी येतो १०, अहवालावर सही होते, पाणी नदीत जातं आणि खरा हिशेब नदीत सुरू होतो. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनाचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. लिटरला ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन शिल्लक असलेलं पाणी पुढे जाऊन १३७ मिलिग्रॅम प्राणवायू मागणार. आणि २७ अंशांवर स्वच्छ, खळाळत्या नदीच्या लिटरभर पाण्यात प्राणवायू मावतो किती? जेमतेम आठ मिलिग्रॅम. दहाचं प्रमाणपत्र घेऊन निघालेलं पाणी नदीकडे १३७ची वसुली काढतं. मग विचारा, ते पाणी शुद्ध होतं का?

तिसरी गोष्ट खालच्या गावाची. आपलं गटार म्हणजे पुढच्या गावाचा जलस्रोत. दिल्लीत हे दरवर्षी दिसतं. यमुनेत अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास गेला की वजीराबाद आणि चंद्रावळच्या जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं, कारण अमोनिया क्लोरिन गिळून टाकतो. एक भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला आठ-दहा भाग क्लोरिन खर्ची पडतो, तेव्हा कुठे जंतू मारायला क्लोरिन शिल्लक राहतो. आपल्याकडे पुणे-पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. सोलापूर उजनीचं पाणी पितं. पुण्यात सोडलेल्या पाण्याचा दर्जा सोलापुरात बसून ठरवावा, असा नियम केला तर पुष्कळ प्रश्न लवकर सुटतील असं मला वाटतं.

चौथी गोष्ट हिरवाईची. पाण्यात खत पडलं की पीक येणारच, फक्त ते जलपर्णीचं आणि शेवाळाचं असतं. इथे प्रामाणिकपणे एक खुलासा करायला हवा. गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुतेक वेळा लगाम फॉस्फरसच्या हातात असतो. नायट्रोजन कमी पडला तर काही नील-हरित शेवाळं तो थेट हवेतून मिळवतात. म्हणून उजनीसाठी नुसता नायट्रोजन काढून भागणार नाही, फॉस्फरसही काढावा लागेल. खाडीत आणि समुद्रात मात्र लगाम मुख्यतः नायट्रोजनाच्या हातात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पणजी यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. याला बाहेर काढतं कोण?

१८७७ साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोघांनी काचेच्या उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून मैलापाणी हळूहळू सोडलं. खाली येणारं पाणी ते तपासत राहिले. अमोनिया आत, अमोनिया बाहेर. एक आठवडा गेला, दुसरा गेला, काही फरक नाही. साधारण वीस दिवसांनी खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि मग अमोनिया पार नाहीसा झाला. हे नुसतं रासायनिक काम असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं. वीस दिवस कशाला लागावेत? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलं. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही बंदच. मग चमचाभर बागेतली माती पाण्यात खळबळून त्यात घातली. पुन्हा सुरू! वाळूत कुणीतरी जिवंत होतं.

ते कोण, हे सांगायला १८९० साल उजाडलं. सर्गेई विनोग्राद्स्की तेव्हा झुरिचला होता. त्या काळी जिवाणू वाढवायचे ते जिलेटिनच्या थरावर, जिवाणूशास्त्रज्ञ कॉखच्या पद्धतीने. हे जिवाणू त्यावर वाढेनात. विनोग्राद्स्कीने ओळखलं की यांना असलं मेजवानीचं अन्नच नको आहे. त्याने सगळं सेंद्रिय अन्न काढून टाकलं, नुसते क्षार आणि अमोनिया ठेवला, आणि ते वाढले. अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधणारे जीव. ना सूर्यप्रकाश, ना आयतं अन्न. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. शंभराहून अधिक वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवत आलो, आणि २०१५ साली लक्षात आलं की दोन्ही कामं एकटीने करणारी जातही आहे. निसर्ग आमच्या पाठ्यपुस्तकाला विचारून चालत नाही.

या जगण्याची किंमत म्हणजे वेग. घाण खाणारे सर्वसाधारण जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्याला केंद्रातल्या परिस्थितीत त्यासाठी दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. हा मंदपणा ध्यानात ठेवा. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच्याभोवती फिरतं.

आता मँचेस्टरला जाऊ. डेव्हीहल्मच्या केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ बाटल्यांत मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडत होते. उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला. अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे! इतका वेळ लागणार असेल तर शहर चालायचं कसं? पण इथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं निवळलेलं पाणी ओतून टाकलं आणि तळाचा गाळ तसाच ठेवला. त्याच गाळावर ताजं मैलापाणी घातलं. पुन्हा हवा, पुन्हा निवळणं, पुन्हा गाळ राखून पाणी बदलणं. दर फेरीला वेळ कमी होत गेला आणि शेवटी काम दिवसाच्या आत होऊ लागलं. आपल्याकडे आदल्या दिवशीचं विरजण राखून ठेवतात, त्यातलीच ही युक्ती. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा निबंध वाचला आणि त्या गाळाला सक्रिय गाळ म्हटलं. आज जगभरातल्या मोठ्या शहरांची मैलापाण्याची केंद्रं मुख्यतः याच पद्धतीच्या वंशातली आहेत. या दोघांना कामाला लावणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात जन्मानंतर दोन वर्षांत येऊन पोचलं होतं. उशीर ज्ञानाला झालेला नाही.

आणखी एक पाहा. आर्डर्न आणि लॉकेट कुठल्या आकड्याच्या मागे होते? अमोनियाच्या. त्यांचं काम संपलं असं ते अमोनिया संपल्यावरच म्हणत. बीओडीवर समाधान मानायची सवय आपण नंतर लावून घेतली.

पण नायट्रेट झालं म्हणजे नायट्रोजन गेला का? नाही. त्याने फक्त रूप बदललं. आता त्याला हवेत परत पाठवायचं तर दुसरी फौज लागते. ही मंडळी प्राणवायू मिळाला तर तो घेतात. नाही मिळाला तर नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे करून सोडून देतात. याला विनत्रीकरण म्हणतात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुठल्याही चालत्या केंद्रात जा. ऑपरेटर रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात घेतो आणि अर्धा तास ठेवतो. गाळ चॉकलेटी, वास पावसाने भिजलेल्या मातीचा. अर्ध्या तासात तो तळाशी बसतो, वर नितळ पाणी. ऑपरेटर आकडा लिहून घेतो आणि नळकांडं बहुधा ओतून टाकतो. ओतू देऊ नका. तासभर तसंच राहू द्या. केंद्रात नायट्रेट होत असेल तर बसलेला गाळ हळूहळू हलायला लागतो, मध्ये भेग पडते आणि अख्खा गठ्ठा तरंगत वर येतो. नवखा ऑपरेटर घाबरतो, ‘साहेब, गाळ बिघडला!’ बिघडलेला नसतो. काचेवर बोटाने टिचकी मारा; बारीक बुडबुडे सुटतात आणि गठ्ठा पुन्हा खाली जातो. ते बुडबुडे नायट्रोजनाचे. थळ-तुर्भ्याला दोनशे वातावरणांच्या दाबाने बांधलेला नायट्रोजन तुमच्या डोळ्यांदेखत मोकळा होऊन हवेत गेलेला असतो. फक्त हे चुकीच्या जागी, निवळण टाकीत घडलं तर गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहतो. म्हणून ते योग्य टाकीत घडवून आणणं, यालाच अभियांत्रिकी म्हणायचं.

आणि इथे मोठी अडचण आहे. पहिल्या फौजेला भरपूर हवा हवी; दुसरीला हवा अजिबात नको. पहिलीला सेंद्रिय घाण नकोशी. दुसरीला खायला तीच हवी. हवेच्या टाकीतून पाणी बाहेर पडेपर्यंत घाण संपलेली असते, नायट्रेट तयार असतं आणि ते मोडायला लागणारं अन्न उरलेलं नसतं. काय करायचं?

१९६२ साली अमेरिकेत लुडझॅक आणि एटिंगर यांनी क्रमच उलटा केला. बिनहवेची टाकी आधी, हवेची नंतर. ताजं, घाणेरडं मैलापाणी आधी बिनहवेच्या टाकीत. हवेच्या टाकीत तयार झालेलं नायट्रेट मागे आणून त्यात सोडायचं. १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला जेम्स बर्नार्ड यांनी ही रचना पक्की केली, पुढे तिला फॉस्फरसची जोड दिली. २०११ साली सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार त्यांना मिळाला. या उलट्या क्रमाने फायदा किती होतो बघा. नायट्रेटमधला प्राणवायू घाण जाळायला कामी येतो. जेवढं नायट्रेट मोडतं तेवढ्यापुरता, अमोनियासाठी घातलेल्या प्राणवायूपैकी साठ टक्क्यांच्या वर वसूल होतो. पहिल्या टप्प्यात पाण्याची जी अल्कता संपते तिच्यातली निम्मी परत मिळते. हे दुसरं आपल्या कामाचं आहे. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मृदू, त्यात मुळातच अल्कता कमी, आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट होताना सात मिलिग्रॅमच्या वर अल्कता खर्च होते. ती संपली की पाणी आम्ल होतं आणि जिवाणू काम थांबवतात. मग चुन्याची पोती आणा!

मर्यादाही सांगतो. येणाऱ्या पाण्याच्या चौपट पाणी मागे फिरवलं, तरी या पद्धतीने फार तर ८० टक्के नायट्रेट मोडतं, कारण पाचवा भाग प्रत्येक वेळी बाहेर पडणारच. त्याच्या खाली जायचं तर आणखी टाक्या हव्यात किंवा बाहेरून अन्न घालावं लागतं. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात जिवाणूंना चक्क मिथेनॉल पाजतात. चेसापीक उपसागर वाचवायला त्यांनी तो खर्च मान्य केला.

एक धागा आणखी, थोडक्यात. १९७७ साली व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट ब्रोडा याने केवळ ऊर्जेच्या गणितावरून सांगितलं की अमोनिया आणि नायट्राइट यांचा थेट मेळ घालून नायट्रोजन वायू करणारा जीव निसर्गात असायला हवा. तो पुढे हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यात सापडला, १९९९ साली त्याची ओळख पटली आणि २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डोकहावन केंद्रात त्याची पहिली मोठी टाकी बसली. हवा कमी, सेंद्रिय अन्न शून्य. पण हा जीव त्या मंद जिवाणूंहूनही मंद. दुप्पट व्हायला दहा-अकरा दिवस घेतो. ती टाकी पूर्ण क्षमतेला यायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. गाळाच्या यंत्रांतून निघणाऱ्या गरम, अमोनियाने भरलेल्या पाण्यासाठी ही पद्धत उत्तम. शहराच्या मुख्य प्रवाहासाठी ती उद्या येईल, म्हणून आज थांबून राहू, असं कुणी म्हणालं तर मात्र त्याला दारातूनच परत पाठवा.

आता शेवटचा प्रश्न. आपल्याकडे तो पाण्यात का राहतो?

आधी कागद पाहू. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी नव्या मानकांचा मसुदा काढला. बीओडी १०, अमोनिया-नायट्रोजन ५, एकूण नायट्रोजन १०. चांगला मसुदा होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. बीओडी महानगरांना २०, इतरांना ३०. नायट्रोजन? सबंध रकानाच गायब. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही सवलत मान्य केली नाही आणि एकूण नायट्रोजनाची १०ची मर्यादा पुन्हा पुढे आणली. मसुद्यात आहे, अधिसूचनेत नाही, लवादाच्या आदेशात आहे. केंद्र बांधणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने यातलं काय धरायचं? बहुतेक वेळा जे स्वस्त असेल ते.

पण सगळा दोष कागदावर टाकायला मी तयार नाही. आपल्याकडची नवी केंद्रं नायट्रोजन काढू शकतील अशी बांधली जाताहेत. नवी मुंबईत नेरूळला, पणजीला टोंका इथे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन-थांबवून काम करणारी एसबीआर पद्धत आहे. तिच्यात दोन्ही फौजांना पाळी मिळते. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशा सात केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. पुण्यात जपानच्या कर्जातून अकरा केंद्रं उभी राहायची आहेत. म्हणजे सिमेंट येतंय, यंत्रं येताहेत. आणि निसर्गाने आपल्याला एक देणगी दिली आहे, जिचा युरोपातला अभियंता हेवा करेल : कोमट पाणी. हिवाळ्यात दहा-बारा अंशांच्या पाण्यात या जिवाणूंना टिकवायला तिकडे गाळ पंधरा-वीस दिवस टाकीत राखावा लागतो, टाक्या त्या मानाने प्रचंड बांधाव्या लागतात. आपल्या २५-३० अंशांत चार-पाच दिवसांच्या गाळातही काम सुरू होतं.

मग अडतं कुठे? मी सांगतो कुठे अडतं. रात्री. केंद्राच्या वीजबिलात निम्म्याहून अधिक वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा. एका केंद्रावर, नाव घेत नाही, मी रात्री अचानक गेलो तेव्हा चारपैकी एक ब्लोअर चालू होता आणि नोंदवहीत पुढच्या सकाळी सहापर्यंतची नोंद चारही चालू अशी आधीच लिहून ठेवली होती. बीओडीला हे चालून जातं. घाण खाणारे जिवाणू सकाळी झटकन सावरतात. अमोनियावाले सावरत नाहीत. त्यांना हवा तोडलीत की ते थबकतात. आणि गाळ वाजवीपेक्षा भराभर काढून टाकलात, तर त्यांची वीण होण्याआधीच ते गाळाबरोबर वाफ्यावर जाऊन वाळतात. मग पुन्हा वीस दिवस थांबा. श्लोझिंग-म्यून्त्झची नळी आठवा. म्हणून बीओडीचा आकडा सकाळच्या एका नमुन्यात सजवता येतो. अमोनियाचा आकडा मागचे पंधरा दिवस केंद्र कसं चाललं, ते बोलून दाखवतो. प्रयोगशाळेतली मुलगी नेसलरचं द्रावण घालते, पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक. तपकिरी झालं की समजावं, कुणीतरी ब्लोअर बंद ठेवलेत. असा चुगलखोर आकडा मोजायचाच कशाला, असं कंत्राटदाराला वाटलं तर नवल नाही. पण महापालिकेलाही तसंच वाटावं?

इथे दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : नायट्रोजन एवढा मोलाचा, तर तो हवेत का उडवायचा? शेतीला द्या. द्यावाच. ज्या शहराभोवती बारमाही बागायत आहे तिथे शुद्ध केलेलं, जंतू मारलेलं पाणी नायट्रोजनासकट द्यावं, मी पहिला हात वर करीन. पण पावसाळ्यात चार महिने ते पाणी घेणार कोण? आणि मुंबईच्या खाडीकाठी कुठलं शेत आहे? नागपूरने आपलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं, ते उत्तम केलं; पण तिथेही अमोनिया चालत नाही, तो तांब्या-पितळेच्या नळ्या खातो. पुनर्वापर करा म्हणणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी नायट्रोजन काढावाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू. या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. खरं आहे. पण तो सर्वांत जास्त सुटतो कधी? हवा अर्धवट दिली, काम मध्येच तुटलं, नायट्राइट साठलं, तेव्हा. म्हणजे अर्धवट चालवलेलं केंद्र पाणीही बिघडवतं आणि हवाही. आणि नदीत सोडलेला अमोनिया काही निष्पाप राहत नाही. तिथेही हाच वायू सुटतो.

एवढं करून उपयोग होतो का? फ्लोरिडातल्या टँपा उपसागराचं पाहा. १९७०च्या दशकात तिथलं पाणी शेवाळाने गढूळ होतं, तळाला उजेड पोचत नव्हता आणि समुद्री गवत मरत होतं. कितीतरी माशांचा आधार ते गवत. १९७२ साली राज्याने कायदा केला, १९७९ मध्ये टँपा शहराचं केंद्र सुधारलं आणि पाण्यातला एकूण नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅमवर आणला. आपण दहावर अडलोय. १९८२ साली तिथे गवत सुमारे २१,६०० एकर उरलं होतं. २०१६ मध्ये ते ४१,६०० एकरांवर गेलं, म्हणजे १९५०च्या पातळीला. वाटेत लोकसंख्या वाढतच होती. त्यानंतर पुन्हा घट झाली आहे, २०२२ मध्ये ते तीस हजारांच्या आसपास होतं, हेही सांगायला हवं. खाडी एकदा सुधारली की सुधारलेलीच राहते, असं नाही. पण पहिली चौतीस वर्षं त्या शहराने दाखवून दिलं की आकडा धरून ठेवला तर पाणी उत्तर देतं.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याला नवं तंत्र नको आहे. १९१४ची युक्ती आणि १९६२ची मांडणी आपल्या हवामानात पुरते. कंत्राटाची रक्कम बीओडीवर न देता अमोनिया आणि एकूण नायट्रोजनावर द्या, नमुना रात्री दोन वाजता घ्या, आणि तो कंत्राटदाराच्या माणसाने घ्यायचा नाही. ब्लोअर आपोआप चालू राहतील.

श्रोत्यांपैकी कुणी अभियंता नसेल तरी एक काम प्रत्येकाला करता येईल. तुमची महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल काढते. तो मागवा. मैलाशुद्धीकरणाचं पान उघडा. बीओडीच्या शेजारी अमोनियाचा रकाना आहे का, ते बघा. नसला तर प्रभागातल्या नगरसेवकाला लेखी विचारा, आणि उत्तराची पोच घ्या.